बिल वाढलं, पण विचारायचं कुणाला?

गेल्या आठवड्यात दादाने मुलुंडच्या घराचं मालमत्ता कराचं बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली एकच ओळ: "परत वाढलंय. समोरच्या विंगला शून्य." आमचं घर 530 चौरस फुटांचं. 500 फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून कर माफ आहे, म्हणजे तीस फुटांपायी आम्ही पूर्ण बिल भरतो. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एकच मागणी चालली होती: मर्यादा 700 फुटांवर न्या.

मी सतरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. 2024 साली या राज्यातलं घराच्या कराचं सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं. अमेरिकेत सर्वांत जड कर इथलाच. दादा म्हणतो, मग तुला आमच्या बिलाचं काय? आई त्या घरात राहते, म्हणून.

इथेही कर दरवर्षी वाढतो. गावाने करवसुली वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा कायदा 2010 मध्ये झाला, तरी कर्जफेड आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-विम्यातली काही वाढ त्या मर्यादेत धरत नाहीत. बिलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांना जातो. मुलं मोठी होऊन गेली तरी तो भरायचाच, आणि निवृत्त झालेले कित्येक जण घर विकून दुसऱ्या राज्यात जातात. श्रीमंत गावाची शाळा चांगली, गरीब गावाची धडपडणारी, हा अन्याय मला आजही सलतो. मुंबईने हे मुळीच उचलू नये.

पण एक गोष्ट मी मनापासून मागतो. बजेट मंजूर होण्याआधी इथे जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने उभं राहून विचारलं, कर्मचारी तेवढेच असताना पगाराबाहेरचा खर्च एवढा का वाढला? उत्तर आलं: आरोग्यविम्याचे हप्ते. कर कमी झाला नाही. पण वाढ कशाने झाली ते कळलं, आणि उत्तर देणारा माणूस समोर बसला होता.

मुंबईच्या बिलातही तपशील असतो: सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, रस्त्यांसाठीचा पथकर, वृक्ष उपकर. राज्याचा शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर तर पालिका फक्त गोळा करते, ते पैसे सरकारकडे जातात. आपण मात्र तळाचा आकडा बघतो आणि चिडतो. 2010 पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरावर (रेडी रेकनरवर) बसतो. दर पाच वर्षांनी ते मूल्य सुधारायचं असतं, पण 2020 ची सुधारणा कोविडमुळे पुढे गेली. थांबवलेली वाढ नंतर एकदम अंगावर येते. त्यात 2017 साली जीएसटी आल्यावर जकात गेली. ती पालिकेची सर्वांत मोठी कमाई होती. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, पण स्वतः वसूल करायचा मोठा कर म्हणून मालमत्ता करच उरला.

खर्च मात्र थांबला नाही. 2022-23 चं बजेट 45,949 कोटींचं होतं, 2025-26 चं 74,427 कोटींचं. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा भांडवली कामांचा: रस्ते, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. ही कामं नकोत असं मी म्हणणार नाही. सांडपाणी समुद्रात सोडणारं शहर आम्ही लहानपणापासून पाहिलंय. माझा राग वेगळा आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि 2026 च्या जानेवारीपर्यंत निवडणूकच झाली नाही. एवढी वर्षं एवढा पैसा प्रशासकाच्या सहीने खर्च झाला. दादाने जाब विचारायचं ठरवलं असतं, तरी त्याच्या प्रभागाचा नगरसेवक नव्हता.

म्हणून 700 फुटांची मागणी मला पटत नाही. माफी मिळाली तर आमचं बिल शून्य होईल, आणि 710 फुटांवाला आज दादा चिडतो तसा चिडेल. गटार तुंबलं की तक्रार दोघांचीही असेल.

आता 227 नगरसेवक निवडून आलेत. दादाला कळवलंय: बजेटआधी आपल्या नगरसेवकाला सोसायटीत बोलव, टी वॉर्डाच्या, म्हणजे आपल्या मुलुंडच्या वाट्याला कोणत्या कामाला किती पैसे आले ते त्याच्याकडून लेखी घे. आईने तिचा प्रश्न आत्ताच सांगून ठेवलाय: स्टेशनकडे जाणारा फुटपाथ वर्षात तीनदा का उखडला?