खाल्ल्या मिठाचा हिशोब

२०१२ साली मी न्यू जर्सीत आले ती एच-४ व्हिसावर, नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून. त्या व्हिसावर तेव्हा नोकरीची परवानगीच नव्हती. (२०१५ मध्ये नियम बदलला, तोही सरसकट सगळ्यांसाठी नाही.) बाहेर बर्फ, घरात मी आणि कुकर. त्या दिवसांत, जिला मी ताई म्हणते, तिनं मला गाडी शिकवली. परीक्षेत दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा तीच सोबत होती. पुढे तिच्याच शब्दावर तिच्या कंपनीत नोकरी लागली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी तिला खलनायिका ठरवणार नाही.

ऑफिसात आमचा एक गट होता. 'विमेन ऑफ कलर', म्हणजे गोऱ्या नसलेल्या बायका. ताई आणि मी, तिघी कृष्णवर्णीय, एक मेक्सिकन, एक फिलिपिनो. शुक्रवारी एकत्र जेवायचो. मीटिंगमध्ये एकीचं बोलणं कुणी मध्येच तोडलं की दुसरी लगेच म्हणायची, थांबा, तिचं होऊ दे. इथल्या मंडळाच्या गणपतीत 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. या बायकांनी माझी आई आजारी असताना आठवडाभर डबे पोचवले.

मग गटातल्याच सगळ्यात लहान, कृष्णवर्णीय मुलीनं तक्रार केली. ताई तिचं काम स्वतःच्या नावावर दाखवते आणि चारचौघांत तिच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल करते. एचआरनं मला विचारलं, तू तिथे होतीस का?

त्याच रात्री ताईचा फोन आला. मला वाटलं, आता गाडी निघणार, नोकरी निघणार. तिनं त्यातलं काहीच काढलं नाही. एवढंच म्हणाली, "अगं, आपल्यातलं आपल्यात मिटवू या. वरच्या गोऱ्यांना हेच तर हवंय." आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) बाकीच्या दोघी कृष्णवर्णीय बायकांनीही त्या मुलीला अगदी हेच सांगितलं होतं.

ही भीती खोटी नाही. गोऱ्या माणसाची चूक त्याच्या एकट्याच्या खात्यावर जाते, आमच्यातल्या एकीची चूक सगळ्यांच्या. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकायची पाळी दर वेळी सगळ्यात धाकटीवरच कशी येते?

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कायद्याच्या कृष्णवर्णीय प्राध्यापक ॲनिटा हिल अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे बसल्या. समितीत चौदा जण, सगळे गोरे पुरुष. सुप्रीम कोर्टासाठी नाव आलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचा आरोप केला. थॉमसही कृष्णवर्णीय, त्यामुळे 'आपल्या माणसाला गोऱ्यांसमोर उघडं पाडलं' म्हणून हिल यांना आपल्याच समाजातून ऐकून घ्यावं लागलं, बायकांकडूनसुद्धा. नोव्हेंबरमध्ये १६०३ कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली, स्वतःच्या सह्यांनिशी, हिल यांच्या बाजूनं. मला ती जाहिरातही निष्ठाच वाटते. फक्त ती गप्प राहून पाळलेली नव्हती.

आमच्या गटाचं नाव मुळात कुठून आलं हेही मला उशिराच कळलं. कृष्णवर्णीय स्त्रीवादी कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात, १९७७ मध्ये ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेत कृष्णवर्णीय स्त्रिया आपला मागण्यांचा मसुदा घेऊन आल्या, इतर अल्पसंख्य स्त्रियांना त्यात यायचं होतं, आणि त्या वाटाघाटींतून 'विमेन ऑफ कलर' हे नाव निघालं. म्हणजे एकत्र काम करायचा तो ठराव होता. आम्ही त्याची भावकी करून टाकली. ठराव मोडला तर जाब विचारता येतो. भावकीत फक्त कोण फितूर एवढंच बघतात.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. ताईचं मीठ मी खाल्लंय, नाकारत नाही. पण ते फेडायला मी त्या मुलीचं का द्यावं? हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी एचआरला सांगितलं, "नीट आठवत नाही."

दोन आठवडे झोप नाही. मग जे पाहिलं ते लिहून पाठवलं. ताईला आधी फोन करून सांगितलं. ती काही बोलली नाही, फोनही आपटला नाही, नुसती थांबून राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे, ठेवते." संक्रांतीला तिच्याकडून दर वर्षी येणारा तिळगुळाचा डबा यंदा आला नाही. शुक्रवारचं जेवणही बंद पडलं.

त्या मुलीला मी कॉफीला बोलावलं. मनात होतं, आता आभार मानेल. ती म्हणाली, तू उशिरा बोललीस याचं मला एवढं नाही वाटलं. पण त्या दिवशी ती माझी नक्कल करत होती तेव्हा तू हसलीस का?

हसले होते. ते मी एचआरला लिहिलेल्या पत्रात घातलं नव्हतं.