पंधरा दिवसांत सेफ्टी ऑफिसर? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या सोबत्यांकडून आणि शेवटी खानापूरच्या भाच्याकडून. मजकूर साधारण असा: "दहावी पास मुलांना सुवर्णसंधी. १५ दिवसांत इंटरनॅशनल सेफ्टी ऑफिसर. सर्टिफिकेट सरकारमान्य, जगात कुठंही चालतं. कायद्यानं आता प्रत्येक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर सक्तीचा. परीक्षा घरबसल्या, पास करून देण्याची गॅरंटी. इंग्लिशची गरज नाही." खाली भाच्याचा प्रश्न: "मामा, फॉर्म भरू काय?"

थांब की, म्हटलं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो. बेळगावच्या फौंड्रीत मोल्डिंग (साचे बनवणं) आणि फेटलिंगला (ओतीव माल साफ करणं) बरीच वर्षं सुपरवायझर होतो, मग सेफ्टीचा डिप्लोमा केला. माझा हा अनुभव आणि त्यापायी वाचलेले कायदे, यावरच हे बोलणं आहे.

आधी मेसेजमधलं खरं काय ते मान्य करतो. या जाहिराती ज्या कोर्सच्या नावावर चालतात तो नेबॉश, म्हणजे कामावरच्या सुरक्षेचा ब्रिटिश कोर्स, खोटा नाही. १९७९ साली ब्रिटनमध्ये ही परीक्षा घेणारी संस्था निघाली. तिचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट आखाती देशांतले ठेकेदार मागतात, हेही खरं. त्याला प्रवेशाची शैक्षणिक अट नाही आणि सर्टिफिकेटला मुदत नसते. मेसेज लिहिणारा हुशार आहे. या खऱ्या गोष्टींना त्यानं बाकीच्या थापा चिकटवल्यात.

"प्रत्येक कारखान्यात सक्तीचा." साफ चूक. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४०-ब १९७६ साली आलं. त्यात आकडा होता १००० कामगारांचा, किंवा कामच धोक्याचं आहे असं राज्य सरकारला वाटलं तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत हा आकडा खाली आला: साध्या कारखान्यात ५००, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५०, बांधकामावर २५०, खाणीत १००. आता उद्यमबाग, मच्छे, नावगे या पट्ट्यात फिरा आणि शेडमधली माणसं मोजा. कुठं बारा, कुठं तीस, कुठं साठ. वडगाव-शहापूरचे माग तर घरातच. यातल्या बहुतेकांना कायदा सेफ्टी ऑफिसर नेमायला लावत नाही. जागा निघतात त्या साखर कारखान्यांसारख्या मोठ्या ठिकाणी आणि मोठ्या बांधकामांवर. त्या मोजक्याच.

"सरकारमान्य." इथं खरी मेख आहे. कायद्यानं ज्या पदाला सेफ्टी ऑफिसर म्हणतात त्याची पात्रता नियमांत लिहिलेली असते. बांधकाम कामगारांसाठीचे १९९८ चे केंद्रीय नियम बघा. इंजिनिअरिंगची पदवी आणि सुपरवायझर म्हणून किमान दोन वर्षं, किंवा डिप्लोमा आणि पाच वर्षं. त्याच्यावर पुन्हा औद्योगिक सुरक्षेतली मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका. कारखान्यांसाठी राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे असले तरी चौकट अशीच: आधी शिक्षण, मग शॉप फ्लोअरवरची वर्षं, मग सुरक्षेची पदविका. ही पदविका म्हणजे आपण ज्याला एडीआयएस (अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी) म्हणतो ती. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरीदाबादला तिच्या भावंड संस्था आहेत. तिथं ही पदविका वर्षभराची असते. पंधरा दिवसांची नव्हे.

म्हणजे नेबॉश एडीआयएसच्या वरचा मजला होऊ शकतो, त्याच्या जागी येऊ शकत नाही. गोव्यातल्या किंवा पुण्यातल्या खासगी कंपनीनं नेबॉशवाल्याला सेफ्टी स्टुअर्ड, सेफ्टी सुपरवायझर अशा नावानं घेतलं तर घेऊ दे. त्यात काही गैर नाही. कायद्याच्या रकान्यात मात्र त्याचं नाव बसत नाही.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक गाठ आहे. निपाणीचा पोरगा कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या एमआयडीसीत कामाला लागला तर तिथं महाराष्ट्राचे नियम. तोच पोरगा बेळगावजवळच्या होनग्यात लागला तर कर्नाटकाचे. पदविका "राज्य सरकारनं मान्य केलेली" लागते, आणि ते राज्य म्हणजे कारखाना जिथं उभा आहे ते. म्हणून नोकरी कर्नाटकात करायची असेल तर कोल्हापुरात किंवा पुण्यात फी भरण्याआधी कर्नाटकाच्या कारखाने व बाष्पके खात्याकडून लेखी उत्तर घ्या. एजंटाचं "चालतंय हो" हे उत्तर नव्हे.

त्याच एजंटाकडं बहुधा "ओशा ३०" नावाचं कार्डही असतं. ओशा ही अमेरिकेची सरकारी यंत्रणा. तिचा दहा तासांचा वर्ग कामगारांसाठी, तीस तासांचा सुपरवायझरसाठी. हे कार्ड म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र नव्हे, असं ती यंत्रणा स्वतःच सांगते. एवढं बस झालं.

"परीक्षा घरबसल्या, पास करून देतो." घरबसल्या हे अर्धं खरं. २०२० पासून नेबॉशचा लेखी पेपर पुस्तक उघडं ठेवून, घरून देता येतो. पण पेपरात एक प्रसंग देतात आणि त्या प्रसंगातल्या गोष्टी धरून उत्तर लिहायचं असतं, त्यामुळं पुस्तकातली पानं उतरवून भागत नाही. पेपरानंतर कॅमेऱ्यासमोर तोंडी प्रश्न असतात, उत्तरं तुमचीच आहेत ना ते बघायला. दुसऱ्यानं लिहून दिलेलं सापडलं तर निकाल रद्द. "गॅरंटी" देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

आणि दुसरा भाग प्रात्यक्षिकाचा. खऱ्या कामाच्या जागेत जाऊन निदान दहा धोके शोधायचे, तेही निदान पाच वेगवेगळ्या प्रकारांतले. कुणाला त्रास होईल, आज काय व्यवस्था आहे, आणखी काय करायला हवं, हे लिहायचं. मी भाच्याला विचारलं, आपल्या फौंड्रीत काय लिहिशील? तो म्हणाला, "हेल्मेट नाही, बूट नाहीत." बरोबर, पण ते तर रस्त्यावरूनही दिसतं. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं, नीट तापवली नाही, आत ओल राहिली आणि वर वितळलेलं लोखंड ओतलं तर? पाण्याची वाफ होताना ते सतराशे पटीच्या आसपास फुगतं, आणि लोखंड कारंज्यासारखं अंगावर येतं. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेलं भंगार फर्नेसमध्ये टाकलं तरी तेच. शेकआऊटला साचा फोडताना जी धूळ उठते तिच्यातला डोळ्यांना न दिसणारा भाग छातीत जाऊन बसतो. सिलिकोसिस, फुफ्फुसाचा रोग. तो बरा होत नाही. नाकावर रुमाल बांधून काम करणारा मोल्डर तुम्हाला रोज दिसतो. रुमालानं ती धूळ अडत नाही, हे लिहायला तिथं उभं राहिलेलं असावं लागतं.

मीही डिप्लोमाआधी वर्षानुवर्षं रुमालच बांधत होतो, हे कबूल केलेलं बरं.

मेसेजमुळं एक गोष्ट मात्र पार झाकली जाते. सुरक्षेचं शिक्षण म्हणजे पोरानं स्वतःच्या खिशातून विकत घ्यायची वस्तू, असा समज होतो. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम १११-अ घातलं, त्यात कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क होता. नव्या संहितेतही माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि सुरक्षेच्या सोयीसाठी कामगाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. पन्नास माणसांच्या शेडमध्ये सेफ्टी ऑफिसर नसेल, पण ही जबाबदारी तिथंही मालकावरच येते.

राहिलं "इंग्लिशची गरज नाही." नेबॉशचा पेपर मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही. इंग्रजीतून देणाऱ्याला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या सहा गुणांइतकं इंग्रजी असावं, असं संस्था सुचवते. गरज आहे, आणि चांगलीच आहे.

पण वर सांगितलेल्या बांधकामाच्या नियमांत पदवी, अनुभव, पदविका यांच्या पाठोपाठ आणखी एक अट आहे: साइटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्याला पुरेशी आली पाहिजे. आपल्याकडं भाषेचा विषय काढला की लगेच पाट्या आणि मोर्चे आठवतात. ही अट त्या भांडणातली नाही. वर क्रेन हलत असताना खालच्याला "सरक" म्हणून ओरडायचं ते त्याला कळेल अशा भाषेत, इतकाच तिचा अर्थ. भाचा घरात मराठी बोलतो, कन्नड शाळेत शिकला, आणि ओडिशा-बिहारच्या पोरांबरोबर खोलीत राहून हिंदीही शिकलाय. ही अट त्यानं पैसा न देता पुरी केलीय. बाकीच्या अटींसाठी त्याला आधी पॉलिटेक्निकचे राहिलेले दोन विषय काढायला सांगितलेत. फॉर्म भरलेला नाही.