अमेरिकन खेळांना नावं ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

परवाच्या रविवारी पबमध्ये शेजारच्या टेबलावरून सलग साडेतीन तास जे ज्ञान कानावर पडलं, ते एकट्याने पचवणं बरं नाही. तेव्हा इंग्लंडात नव्याने आलेल्या आणि एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, मॅच बघताना चारचौघांत अडाणी दिसू नये असं वाटणाऱ्या मराठी मंडळींनी पुढच्या गोष्टी पाठ कराव्यात.

सुरुवात किकऑफच्या आधीच. ग्लास टेबलावर टेकला की म्हणायचं, ‘‘चिलखत घालून खेळलेलं रग्बी!’’ चॅनल फोरने 1982 मध्ये हा खेळ दाखवायला घेतला, तेव्हापासून हा विनोद इथे ताजाच आहे. रग्बीत ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला पाडता येत नाही, इथे त्याला अंगाने अडवणं हाच निम्मा खेळ आहे; शिवाय 1906 पासून चेंडू पुढे फेकायला मुभा असल्यामुळे झेल घ्यायला उडालेल्या माणसाला हवेतच धडक बसते, म्हणून ते हेल्मेट. असलं काही कोणी सांगू लागलं तर घड्याळाकडे बघावं.

कोणी आपल्या फुटबॉलला ‘सॉकर’ म्हटलं की ठसका लागलाच पाहिजे. तो शब्द इंग्लंडातल्याच कॉलेजच्या पोरांनी ‘असोसिएशन फुटबॉल’मधून काढलाय, पण आपण कशाला खोलात जा?

मुख्य अध्याय जाहिरातींचा. साठ मिनिटांचा खेळ, तीन तासांहून मोठं प्रक्षेपण आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं, हा हिशेब तोंडपाठ हवा. आणि इथे तुमचं चुकतही नाही. टचडाऊन (तिकडचा गोलच म्हणा) झाला, वरचा एक्स्ट्रा पॉइंट मारला, जाहिराती. किकऑफ झाला, पुन्हा जाहिराती. प्रत्येक संघाला अर्ध्या डावात तीन टाइमआउट, वर अर्धा डाव संपायला दोन मिनिटं उरली की ‘टू मिनिट वॉर्निंग’. अधिकृत वेळ मैदानावरच्या पंचाच्या घड्याळात असायची, त्या काळातला हा इशारा. आता घड्याळ शेवटच्या रांगेतूनही दिसतं, पण इशारा कायम, कारण तेवढ्यात जाहिराती बसतात. स्टेडियममध्ये हे बघणं तर आणखी मजेचं. कडेला नारंगी बाह्यांचा एक माणूस उभा असतो. तो टीव्हीचा. त्याने हात खाली केल्याशिवाय संघाचा खेळ चालवणारा कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅकसुद्धा जागचा हलत नाही. कमरेवर हात ठेवून बावीस धिप्पाड माणसं उभी, पाणीवाली पोरं आत-बाहेर करतायत, स्पीकरवर गाणं लागलंय, आणि प्रेक्षक पडद्यावर स्वतःचं तोंड शोधतायत.

यात एकच अडचण आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रक्षेपण नियामकाच्या नियमाने एका तासात बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यामुळे अमेरिकेत जाहिरात चालू असते तेव्हा इथे बऱ्याचदा स्टुडिओतले दोन माजी खेळाडू मागचाच खेळ पडद्यावर गोल काढून समजावत असतात. म्हणजे ज्या जाहिरातींच्या नावाने शिमगा करायचा, त्यातल्या बऱ्याच तुम्हाला दिसलेल्याच नसतात. ही गोष्ट पबमध्ये बोलू नये.

सुपर बोलसाठी, म्हणजे हंगामाच्या अंतिम मॅचसाठी, सोमवारची रजा आधीच टाका. मॅच रात्री साडेअकराला सुरू होते आणि पहाटे साडेतीनच्या आसपास संपते. नेहमी हाफटाइम तेरा मिनिटांचा, त्या रात्री गाण्यांसाठी अर्ध्या तासाच्या घरात जातो. ‘‘सर्कस आहे नुसती!’’ असं म्हणावं आणि एकही गाणं सोडू नये.

लंडनमधल्या मॅचला जाणार असाल तर कुठल्याही संघाची जर्सी चालते. मैदानात दोन संघ, गॅलरीत लीगमधले सगळे बत्तीस. टॉटनहॅमला खरं गवत तीन तुकड्यांत सरकून स्टँडखाली जातं आणि खालचं कृत्रिम मैदान उघडं पडतं. हे अमेरिकन भपक्याचं उदाहरण म्हणून सांगावं, बांधलंय इंग्लिश क्लबने ते सोडून द्यावं. बिअर मात्र खुशाल जागेवर घेऊन बसा. त्याच खुर्चीत फुटबॉलच्या मॅचला ग्लास नेलात तर मैदानातल्या दारूवरचा 1985 चा कायदा आडवा येतो.

आता पोशाख. अमेरिकन बाजारूपणावर बोलताना अंगात आपल्या क्लबचा शर्ट हवा. छातीवर सट्टा कंपनीचं नाव, बाहीवर आणखी कोणाचं. समोर पडद्यावर एनएफएलचा खेळाडू आहे, त्याच्या छातीवर फक्त नंबर. कपडे शिवणाऱ्याचा छोटा शिक्का सोडला तर जाहिरात नाही. तिकडे बघू नका, विचार भरकटतात. प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2023 मध्ये ठरवलं की 2026-27 पासून छातीवर सट्टा नको. बाहीवर चालेल. केवढा हा त्याग!

शेवटचं अस्त्र रेलिगेशन, म्हणजे तळाच्या संघांची खालच्या लीगमध्ये रवानगी. ‘‘त्यांच्याकडे शेवटचा आला तरी खाली जात नाही, हा कसला खेळ?’’ हे ऐकलं की मात्र माझ्याच्याने थट्टा होत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरातली ही लीग चालते कशी, बघितलंय कधी? देशभरच्या टीव्हीचा पैसा बत्तीस संघांत सारखा वाटतात. पगाराला कमाल मर्यादा, सगळ्यांना एकच. शेवटच्या संघाला पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, पहिला नंबर. आपले साखर कारखानेही इतके सहकारी नाहीत! आणि इथे? टीव्हीचा पैसा खालच्यांना द्यावा लागू नये म्हणून 1992 मध्ये वरचे क्लब प्रीमियर लीग काढून वेगळे झाले. बरी नावाचा 1885 चा क्लब 2019 मध्ये लीगमधून काढून टाकला, पैसे नव्हते म्हणून. मँचेस्टर युनायटेड 2005 मध्ये कर्ज काढून विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. घेणारे अमेरिकन होते, कबूल. विकणारे कोण होते?

अमेरिकेकडून मालक आणले, श्रीमंतांचे बॉक्स आणले, तिकिटांचे चढते दर आणले. वाटून खायची पद्धत तेवढी आणली नाही. अहो, दर हंगामात तीन-तीन शर्ट विकत घेता, पोराचं नाव छापायचे वेगळे पैसे मोजता, आणि बाजारूपणा म्हणे त्यांचा! राग खरा असेल तर क्लबच्या दारात जा. 2021 मध्ये गेलात, तेव्हा बड्या क्लबांनी वेगळी काढलेली सुपर लीग दोन दिवसांत कोसळली. बाहेरगावच्या मॅचचं तिकीट तीस पौंडांवर रोखलं, तेही रस्त्यावर उतरूनच. पबमध्ये बसून चिलखताचा विनोद केल्याने कुठलंही तिकीट स्वस्त झालेलं नाही.

आणि तुम्ही! षटकाचा सहावा चेंडू अडवला न अडवला तोच वेलचीची जाहिरात बघत वाढलात. आयपीएलच्या अडीच मिनिटांच्या टाइमआउटला निमूटपणे चहा करून आणता. चार महिने लंडनला राहून दुसऱ्याचं नाक उसनं घेऊन मुरडताय? ग्लास खाली ठेवा आणि जरा सरका. थर्ड डाऊन आहे, बघू द्या.