मॅचिंग सेंटर

आमच्याकडे सिनेमा बघताना एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात रिमोट लागायचा. नायक कुजबुजला की आवाज ३०वर न्यायचा आणि पुढच्याच क्षणाला गाडी उडाली की धावत १२वर आणायचा. या उठाठेवीत आई विचारायची, "काय म्हणाला रे तो?"

"काही नाही, प्रेम आहे म्हणाला."

"एवढंच? मग इतका वेळ काय पुटपुटत होता?"

हे गाऱ्हाणं मी ऑफिसातल्या एका जाणकाराकडे नेलं, तिथेच फसलो. तो म्हणाला, "संवाद मधल्या चॅनलला असतात. तुझ्याकडे मधला स्पीकरच नाही. एक सेंटर टाक." टाक म्हणे. जणू आमटीत आमसूल टाकायचं होतं.

घरात बाबांचे दोन लाकडी स्पीकर आणि एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर होता. १९८९च्या बोनसमधून बाबांनी तो संच घेतला होता. रविवारी सकाळी त्यावर भीमसेनांची कॅसेट लागली की शेजारचे रेडिओ आपोआप बंद व्हायचे. स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' अशी पट्टी होती. लहानपणी मला तो 'सोऽहम्'सारखा काही मंत्र वाटायचा. पुढे कळलं की मंत्रच आहे, फक्त चुकीचा म्हटला की धूर निघतो.

मी काय केलं, तर एक स्वस्तातला सेंटर आणला आणि डाव्या स्पीकरच्याच तारांना जोडला. मागे लावायला दोन चिमुकले आणले, ते उजव्याच्या तारांना. घरात पाच स्पीकर झाले म्हणजे ५.१ या घरगुती थिएटरच्या संचातले पाच झाले, उरला 'पॉइंट एक', तो पुढच्या पगारात, असा हिशोब.

तीन दिवसांनी गणपती मंडळाचा साउंडवाला वर्गणीला आला. पाठीमागचं वायरिंग बघून त्याने आधी कपाळाला हात लावला आणि मग पावतीपुस्तक खिशात घातलं. "साहेब, आठाला आठ शेजारी लावला की सोळा नाही होत. चार होतात. ओहम कमी म्हणजे नळ जास्त उघडा. टाकीला पेलायला पाहिजे ना?"

समांतर जोडणी. दहावीला यावर एक गणित होतं, दोन मार्कांचं. मी ते 'ऑप्शनला' टाकलं होतं. तेच दोन मार्क आता व्याजासकट वसुलीला आले होते. डावीकडे आठ-आठ मिळून चार ओहम झाले होते, आणि उजवीकडे आठ-आठ-आठ मिळून पावणेतीनसुद्धा भरत नव्हते. ॲम्प्लिफायर बिचारा आठाच्या हिशोबाने जन्माला आलेला. तो तापायचा, इतका की पावसाळी गारठ्यात आईला पहिल्यांदाच त्याचा उपयोग दिसला. तिने इडलीच्या पिठाचं पातेलं त्याच्या डोक्यावर ठेवलं, बरोबर हवा जायच्या जाळीवर. पीठ असं फुगलं म्हणता! आणि पहाटे सगळे झोपेत असताना, विसरून चालूच राहिलेल्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. इडल्या मात्र आजवरच्या सगळ्यात हलक्या झाल्या, हे कबूल करायला हवं.

मग एव्ही रिसीव्हर आला, म्हणजे पाचही स्पीकर वेगवेगळे चालवणारा ॲम्प्लिफायर. खोक्यावर ठळक अक्षरांत '१०० वॅट'. खाली मुंगीच्या अक्षरांत: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू असताना. म्हणजे असं बघा, मंगल कार्यालयातला आचारी सांगतो, "माणशी दहा जिलब्या वाढीन," आणि मग हळूच म्हणतो, "पंगतीला एकच माणूस असेल तर." पाचही पानं मांडली की जिलब्या किती वाट्याला येणार, हे तो छापत नाही. तरी हा प्रामाणिक म्हणायचा. नव्वदच्या दशकात पावशेर वजनाच्या टेपरेकॉर्डरवर '२००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं, आणि तो चालायचा सहा सेलवर.

"मग २०० वॅटचाच घ्यायचा होतास," बायको म्हणाली. घेतला असता, पण वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतो. म्हणजे ऐकणारा म्हणतो, "वाढवलास का? असेल बुवा." दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. हे मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आणि किंमत? ती तरी दुप्पटच होते ना?"

त्यातून प्रत्येक स्पीकरचा स्वभाव वेगळा. बाबांचे स्पीकर एक वॅट दिला तर मीटरभरावर ९० डेसिबल देणारे, म्हणजे एका हाकेत उठणारे. माझा स्वस्तातला सेंटर ८४चा. सहा डेसिबलचा फरक म्हणजे त्याला तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद चारावी लागते. घरात एक तरी असा असतोच. त्याची पातळी रिसीव्हरमधून वाढवता येते आणि मी वाढवली. आवाज सारखा झाला, पण गळा सारखा होईना. पडद्यावर गाडी डावीकडून निघाली की ट्रक असायची, मध्ये आली की रिक्षा व्हायची आणि उजवीकडे जाताना परत ट्रक. बायकोने डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि निदान केलं, "मधल्याला सर्दी झालीय. हा त्या दोघांच्या घरचा नाही. मॅचिंग घेऊन ये."

मॅचिंग हा तिचा प्रांत. गेली पंधरा वर्षं मी लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरबाहेर स्कूटरवर बसून काढली आहेत. आत ती साडी घेऊन जाते, बाहेर उजेडात येते, एक तुकडा धरते, "हा आमसुली आहे, मला वांगी हवाय" म्हणते आणि परत आत जाते. यावर मी आयुष्यभर विनोद केले होते. आता मी बाबांचा बारा किलोचा स्पीकर मांडीवर घेऊन रिक्षातून बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत चाललो होतो. कशासाठी? मॅचिंग करायला.

पहिल्या दुकानदाराने स्पीकरकडे न बघता "नाही" म्हटलं. दुसऱ्याने बघून "नाही" म्हटलं. तिसरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटून विचारलं, "हे मॉडेल बंद होऊन किती वर्षं झाली, माहितीय?"

"नाही."

"मग ते आधी बघायचं. मग घराबाहेर पडायचं."

चौथ्याने मात्र चार सेंटर ऐकवले. प्रत्येक वेळी मी "जवळपास येतोय" म्हणायचो आणि बायको मान हलवायची. "हा किनरा आहे. हा नाकात बोलतो. हा डब्यात बसलाय." दुकानदार तिच्याकडे आदराने बघायला लागला. शेवटी तिने विचारलं, "यांच्या पुढच्या तिघांचा एकाच घरचा सेट येतो का?"

"येतो की वहिनी."

"तो द्या. ब्लाउज मिळत नाही म्हणून किती दिवस अडून बसायचं? साडीच बदलायची." माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबांचे मागे लावू. तिकडे गळ्याचा फरक एवढा कोणाला कळणार नाही."

हे अगदी शास्त्रशुद्ध आहे हे मला नंतर वाचून कळलं. पुढचे तीन एका जातीचे असावेत, मागच्यांना थोडी सूट चालते. मी चार महिने वाचत होतो ते हिने एका दुपारी कापडाच्या अनुभवावर सोडवलं. त्याबद्दल तिने स्वतःला दोन ब्लाउजपीस घेतले. तारांच्या टोकांना लावायचे 'बनाना प्लग' मी घेतले. घरी फोन करून "बनाना घेतलेत" म्हटल्यावर आईने शिकरणीसाठी दूध तापवून ठेवलं.

आता उरला 'पॉइंट एक', म्हणजे सब-वूफर, फक्त खर्जाचा स्पीकर. तो कुठे ठेवायचा याची एक जगन्मान्य पद्धत आहे. सब-वूफर आपल्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवायचा, त्यावर बेसचं गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे ठोका भरीव पण न घुमणारा ऐकू येईल, ती त्याची जागा. मी खडू घेऊन रांगत होतो तेवढ्यात बेल वाजली. लेकाने दार उघडलं. खालचे काका. त्यांच्या शोकेसमधले कप किणकिणत होते.

काकांनी सोफ्यावर उशीला टेकून बसलेला सब-वूफर पाहिला आणि जमिनीवर चार पायांवर असलेला मी पाहिला. "निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५," ते म्हणाले. "२००० सालचे नियम आहेत. बाकी, काही हरवलंय का?"

मी सगळं समजावून सांगितलं. काका निवृत्त इंजिनिअर आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यातून गेलं होतं. त्यांनी चष्मा सावरला, लेंगा गुडघ्याशी वर घेतला आणि खाली बसले. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं विरुद्ध दिशांनी रांगत होतो. "इथे घुमतंय." "इथे काहीच नाही हो, इथे गायब आहे!" काकांनी सांगितलं की लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात, म्हणून असं होतं. सर्वोत्तम जागा शेवटी सापडली. संडासाच्या दारात. दुसऱ्या क्रमांकाची देव्हाऱ्याखाली. आईने दोन्ही नाकारल्या. सब-वूफर चपलांच्या कपाटाशेजारी बसला, आणि त्याच्याखाली काकांनी स्वतःच्या घरून आणून जाड रबराचा तुकडा घातला.

राहिलं कॅलिब्रेशन. रिसीव्हरबरोबर एक इवलासा माइक येतो, तो कानाच्या उंचीवर ठेवायचा, मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने चिवचिवतो आणि यंत्र अंतरं मोजतं. अट एकच, घरात शांतता हवी. सकाळी सात वाजता कुकर होता. दहाला रद्दीवाला. अकराला वरच्यांकडे ड्रिल. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच, आजूबाजूला आवाज फार आहे. अखेर पुण्यनगरीचा परंपरागत मुहूर्त धरला, दुपारी दोन. दुकानं बंद, माणसं आडवी, कबुतरंसुद्धा पेंगलेली. यंत्राने मोजमाप पुरं केलं आणि कळवलं की मागच्या उजव्या स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट आहेत. चौदा फुटांच्या खोलीत वीस फूट तार टाकून, सोफा दोनदा सरकवून, मी तारा उलट जोडल्या होत्या. बायको म्हणाली, "ब्लाउज उलटा शिवलास."

दुरुस्त केल्यावर रात्री सगळे बसले. नायक कुजबुजला. स्वच्छ, नेमका, पडद्याच्या मधोमध. आई पुढे झुकली नाही, मला काही विचारलं नाही. फक्त सिनेमा संपल्यावर म्हणाली, "मधला तो छान बोलतो. मागचे दोघं फक्त पाऊस पडला की बोलतात का रे?"

पण बायकोची नजर भलतीकडेच होती. पुढचे तीन काळेकुळकुळीत, मागचे बाबांचे शिसवी. "हॉलमध्ये मॅचिंग वाटत नाही," ती म्हणाली. आईला तर फ्रिजपासून फोनपर्यंत सगळ्याला कव्हर घालायची जुनी हौस. दोघींची युती झाली. शनिवारी मी परत लक्ष्मी रोडवर स्कूटरवर बसलो होतो. आतून आवाज आला, "टू बाय टू दाखवा, पाच पीस. अस्तर नको, तिखट आवाज अडतो त्याने."

पाचही स्पीकर आता मोरपंखी आहेत, काठाला बारीक जर. दिसतात सुरेख. फक्त वरचे स्वर किंचित दबलेत, म्हणजे कॅलिब्रेशन पुन्हा आलं. काकांना आधी सांगितलेलं बरं म्हणून दुपारी पावणेदोनला फोन केला.

"वरच येतो," काका म्हणाले. "आणि तो सब-वूफर परत सोफ्यावर ठेवा. मागच्या वेळी खिडकीकडचा कोपरा राहिला होता."