एसएसडी वेगवान आहे, म्हणून चिरंजीव नाही : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील फोटोग्राफर, शिक्षक आणि उत्सव मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : हार्ड डिस्क कालबाह्य झाली आहे, एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भाग नसल्याने तिच्यातला डेटा आयुष्यभर टिकतो, पेन ड्राइव्ह म्हणजे छोटी एसएसडीच, 500 जीबीच्या डिस्कवर 465 जीबीच दिसतात, कारण उरलेली जागा कंपन्या मारतात, माहिती साठवण्याची चुंबकीय टेप इतिहासजमा झाली, फोटो एकदा क्लाउडवर टाकले की बॅकअपची गरज नाही, तेव्हा जुन्या हार्ड डिस्क विकून एसएसडीचे पैसे उभे करावेत. या संदेशात खरे आणि खोटे बेमालूम मिसळले आहे, आणि त्यावर विसंबून कोणी लग्नाचे चित्रीकरण किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांची जुनी छायाचित्रे गमावली, तर ती परत मिळणार नाहीत.

वेगाबद्दलचा दावा निर्विवाद खरा आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेऱ्या मारते आणि हवा तो भाग वाचण्यासाठी हेडला, म्हणजे वाचणाऱ्या टोकाला, तिथपर्यंत सरकावे लागते, त्यामुळे प्रत्येक शोधामागे साधारण 10 मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याचा शंभरावा भागही पुरतो. मोठी फाइल सलग वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सुमारे 550, तर एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची काही हजार. शाळेतला रडतखडत चालणारा जुना संगणक सुधारायचा असेल, तर त्यात एसएसडी बसवण्याइतका सार्थ खर्च दुसरा नाही.

टिकण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि संदेशाची खरी चूक इथे आहे. फिरणारा भाग नाही एवढ्यावरून डेटा कायमचा टिकतो, हा निष्कर्ष निघत नाही. एसएसडीत माहिती साठते ती विद्युतरोधक थराने वेढलेल्या सूक्ष्म पेशींत अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. हे इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. उष्णतेने ते लवकर निसटतात, आणि वारंवार लिहून-पुसून तो थर झिजला असेल तर आणखी लवकर. शिवाय स्वस्त एसएसडीत एकाच पेशीत तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात. चार बिटांसाठी पेशीतल्या भाराच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात, म्हणून थोडीशी गळतीही महागात पडते. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती वापराच्या एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे, की लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यानंतर तिने विजेविना, 30 अंश सेल्सिअस तापमानात, एक वर्ष डेटा सांभाळावा. ही किमान अट आहे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून कितीतरी अधिक काळ टिकते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण स्टुडिओत होते ते नेमके उलटे : संपादनात पिळून निघालेली एसएसडी ‘आता जुनी झाली’ म्हणून बाजूला काढतात, तिच्यावर संग्रह भरतात आणि ती कपाटात टाकतात.

चुंबकीय तबकडीला माहिती धरून ठेवण्यासाठी विजेची गरज नसते. म्हणून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क आजही अधिक भरवशाची आहे, आणि एका टीबीमागे ती बरीच स्वस्तही पडते. तिचे दोष वेगळे आहेत : ती पडली की संपली, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी दमटपणात ती सिलिका जेलच्या पाकिटासह बंद डब्यातच ठेवायला हवी. मात्र बिघडण्यापूर्वी ती अनेकदा आवाज करून किंवा मंदावून इशारा देते, आणि तबकडी शाबूत असेल तर तज्ज्ञांना काही परत मिळवता येते. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, गेला तर ती क्षणात मुकी होते. पुसलेल्या फाइलची जागा आपोआप रिकामी करणाऱ्या ‘ट्रिम’ या सोयीमुळे एसएसडीवर चुकून पुसलेली फाइलही सहसा परत येत नाही.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडी दोन्हींत फ्लॅश मेमरीच असते, पण झीज सर्व पेशींत समान वाटणारा सक्षम कंट्रोलर आणि निवडक दर्जाच्या चिप स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये अपेक्षित धरू नयेत. काही शे रुपयांत ‘2 टीबी’ म्हणून मिळणारा पेन ड्राइव्ह तर उघड फसवणूक असते; आतला कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो आणि खरी जागा भरल्यावर पुढचा डेटा निमूटपणे हरवतो. तो पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणे, ही एकच खात्रीची परीक्षा.

465 जीबीच्या तक्रारीत चोरी नाही, भागाकार आहे. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज 1024 गुणिले 1024 गुणिले 1024. तीच डिस्क मॅकला लावली तर 500 जीबीच दिसते.

टेपबद्दल इथल्या वाचकाला आश्चर्य वाटेल. एलटीओ-9 या पिढीच्या टेपच्या एका कार्ट्रिजमध्ये 18 टीबी मावतात आणि नीट ठेवल्यास ते 30 वर्षे टिकेल, असे उत्पादक सांगतात. टेप वाचणाऱ्या यंत्राची किंमत पाहता गल्लीतल्या स्टुडिओने त्याच्या वाटेला जाऊ नये, हे खरे. पण 2011 च्या फेब्रुवारीत जीमेलच्या एका बिघाडात काही वापरकर्त्यांचे ईमेल नाहीसे झाले, तेव्हा गूगलने ते टेपवरूनच परत आणले. ज्या क्लाउडचा संदेश इतका गौरव करतो, त्याच्या पाठीशी ही इतिहासजमा टेप उभी होती.

क्लाउड उपयुक्त आहेच, परंतु सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड सतत सारखे ठेवणे, हा बॅकअप नव्हे. फोनमधल्या गूगल फोटोजमधून चित्र पुसले की क्लाउडवरचेही जाते, आणि बॅकअप घेतलेली चित्रे कचरापेटीत 60 दिवसच राहतात. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. 2021 च्या मार्चमध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळाले, तेव्हा दुसरीकडे प्रत न ठेवलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. आणि साधे गणित पाहावे : एका लग्नाचे 500 जीबी चित्रीकरण 20 एमबीपीएस (सेकंदाला 20 मेगाबिट) अपलोडने चढवायला, जोडणी एकदाही न तुटता, सुमारे 55 तास लागतात. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत हा हिशेब कोणी मांडून पाहावा. चालू काम एसएसडीवर, दोन प्रती वेगवेगळ्या घरांतील हार्ड डिस्कवर आणि निवडक चित्रे क्लाउडवर, ही विभागणी इथल्या परिस्थितीत अधिक शहाणपणाची आहे.

जुन्या हार्ड डिस्क विकण्याचा सल्ला तर सर्वांत घातक. विंडोजमधील क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे; पाने तशीच राहतात, आणि विकत घेणारा मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामने ग्राहकांच्या घरातील लग्नाची छायाचित्रे, स्कॅन केलेले जमिनीचे उतारे, आधार कार्डे सहज बाहेर काढू शकतो. विकायचीच असेल, तर क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावा, म्हणजे संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. एसएसडी विकताना हा उपाय पुरेसा नाही, कारण झीज वाटणारा कंट्रोलर काही पेशी वापरकर्त्यापासून लपवून ठेवतो. तिच्यासाठी उत्पादकाच्या प्रोग्राममधील ‘सिक्युअर इरेज’ वापरावे लागते. पण चांगली चालणारी हार्ड डिस्क विकण्याचे मुळात कारणच नाही. ती दुसरी प्रत म्हणून ठेवावी, वर्षातून एकदा जोडून फाइली उघडतात का ते पाहावे, आणि आवाज बदलला की त्याच दिवशी नवी आणावी.