‘दीड तास उभं केलं’ या आपल्या रिव्ह्यूबद्दल, दुकानातर्फे

ताई, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "साधं स्मार्टवॉच घ्यायला गेलो तर वडिलांना दीड तास उभं केलं, सतरा गोष्टी सांगून गोंधळात टाकलं, धड काही दाखवलं नाही. सरळ ऑनलाइन घ्या." काकांना त्रास झाला असेल तर मनापासून माफी मागतो. वयस्कर माणूस कंटाळून बाहेर पडावा हे आमच्या दुकानाला शोभत नाही.

पण ते "दीड तास उभं केलं" काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. काल दुकान उघडल्या उघडल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. तुम्ही ७ वाजून २२ मिनिटांनी आत आलात आणि ८ वाजून १४ मिनिटांनी गेलात. ही ५२ मिनिटं झाली. त्यातली ११ मिनिटं तुम्ही पायरीवर फोनवर बोलत होतात. आणि काका उभे नव्हते हो. काउंटरपाशी दोन स्टुलं आहेत. एकावर तुमची भाजीची पिशवी होती, दुसऱ्याचा पाय हलतो, म्हणून मी त्यांना माझी खुर्ची दिली. माझ्या वडिलांची खुर्ची आहे ती, सहसा कुणाला देत नाही. उभा मी होतो.

राहिलेल्या ४१ मिनिटांचाही हिशेब देतो. तुम्ही म्हणालात, "रोजच्या वापराला बरं पडेल असं द्या, बीपी दाखवणारं." दोन हजारांच्या आतलं बीपी, शुगर, सगळं दाखवणारं घड्याळ माझ्याकडे पडलंय. पाच मिनिटांत बिल फाडून मोकळा झालो असतो. त्याऐवजी ते पाण्याच्या बाटलीला बांधून दाखवलं. बाटलीचे ठोके ७८ आले तेव्हा तुम्हीही हसलात. सुई न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांवर विसंबू नका, असं अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनेही, फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलंय. काकांची गोळी त्या आकड्यावर कमी-जास्त झाली असती तर मी कुठल्या तोंडाने दुकान उघडलं असतं?

मग तुम्ही तुमच्या हातातलं ॲपल वॉच दाखवून "असंच द्या" म्हणालात. काकांचा फोन अँड्रॉइड आहे, त्याला ते जोडताच येत नाही. शिवाय बहुतेक मॉडेलं रोज चार्जिंगला लावावी लागतात, आणि काका तर म्हणाले, मोबाइलच चार्ज करायचा विसरतो. सॅमसंगच्या घड्याळात बीपी आहे, पण त्याला सॅमसंगचाच फोन लागतो आणि दर २८ दिवसांनी दंडाला बांधायच्या मशीनशी ताडून घ्यावं लागतं. हे आधी सांगितलं तर गोंधळ, आणि घेतल्यावर कळलं तर फसवणूक! आम्ही करायचं काय?

काका रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात आणि फोन घरीच ठेवतात, हे मी विचारलं म्हणून कळलं. स्वस्त घड्याळं रस्ता मोजायला फोनचा जीपीएस वापरतात. फोन घरी राहिला तर नुसत्या पावलांवरून अंदाज. म्हणून स्वतःचा जीपीएस असलेलं काढलं. त्यावर माझ्या फोनवरून मराठीत मेसेज पाठवून पाहिला, कारण काही घड्याळांवर मराठीचे नुसते चौकोन उमटतात. हे होतं आठ हजारांच्या आतलं, आठवडाभर चार्जिंग टिकणारं, भर उन्हात आकडे दिसणारं. "धड काही दाखवलं नाही" म्हणता, पण खोक्यावरच्या कोडचा फोटो तुम्ही याच घड्याळाचा काढलात. काढा, आम्ही कुणाला अडवत नाही. ऑनलाइन सातशे रुपये कमी आहेत, तेही मान्य. मी त्या भावात दिलं तर गाळ्याचं भाडं खिशातून भरायचं.

शेवटी "घाई असेल तर ऑनलाइनच बघा" असं मी म्हणालो, त्याचा सूर बरोबर नव्हता. दुकानातला मुलगा सुट्टीवर होता, मागे रिचार्जवाले ताटकळले होते, पण त्यात तुमचा काय दोष! ते चुकलंच. आणि मी बोलतो जास्त, हे घरचेही सांगतात.

स्टूल दुरुस्तीला टाकलंय. कुठलं घड्याळ कुठल्या फोनला चालतं आणि चार्जिंग किती दिवस पुरतं, याचा मराठीत तक्ता छापून लावायचा विचार आहे, बघू कसं जमतं ते. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. फक्त ते "उभं केलं" तेवढं बदललंत तर बरं होईल, कारण परवा एका गिऱ्हाइकाने आत येऊन पहिलं तेच विचारलं.

आणि हो, तुम्ही फोनवर होतात तेव्हा काकांनी मनगटावरचं एचएमटी काढून माझ्याकडे दिलं होतं. चावीचं आहे, दिवसाला दहा मिनिटं मागे पडत होतं. उघडून तेलपाणी केलंय, तीन दिवस टेबलावर चालवून पाहिलं, वेळ बरोबर दाखवतंय. २५० रुपये झालेत, ते मात्र घेणार आहे. दुपारची जेवणाची वेळ सोडून कधीही या. त्यांना म्हणावं, खुर्ची तिथेच आहे.