डार्विनला फोंड्यात हरवताना

सुजाण वाचकहो, उत्क्रांती खरी की निर्माता खरा, हा वाद आज ना उद्या आपल्या वाट्याला येणारच आहे. देवळाच्या मंडपात कीर्तन आटोपल्यावर येईल, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत शेवटचा प्रश्न म्हणून येईल, किंवा तिंठ्यावरच्या हॉटेलात पातळभाजीची बशी अर्धी झालेली असताना समोरच्या बाकावरून येईल. अशा वेळी डार्विनला कसे हरवावे, हे सांगण्यासाठी हा प्रपंच. त्यासाठी अभ्यासाची गरज नाही. अभ्यासाने माणसाचा आवाज खाली येतो, आणि खालच्या आवाजात कोणी मंडप जिंकल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पहिली दक्षता शब्दाची घ्यावी. इंग्रजीतला 'थिअरी' हा शब्द सोयीचा आहे, कारण तो ऐकणाऱ्याला अटकळीसारखा वाटतो. आपल्याकडे मात्र कोणा अविचारी पंडिताने त्यासाठी 'सिद्धांत' हा शब्द योजून ठेवला आहे, आणि सिद्धांत म्हणजे तपासून शेवटास नेलेले मत. 'उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे' असे आपण म्हणालात, तर प्रतिपक्षाला बोलण्याचे कष्टच उरणार नाहीत. तेव्हा गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यावरून आपण मराठीसाठी कितीही घसा कोरडा केलेला असो, एवढ्या एका वाक्यापुरते इंग्रजीला शरण जावे.

त्यानंतर माकडांचा प्रश्न काढावा. माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून शिल्लक कशी? हा प्रश्न फार जुना असून अजून टवटवीत आहे, याचे कारण तो विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. थांबला तर त्याला ऐकावे लागते की माणूस आजच्या माकडांपासून झालेला नाही. माणूस आणि माकडे या एकाच फार जुन्या घराण्याच्या वेगवेगळ्या झालेल्या शाखा आहेत. मात्र ज्यांना आपल्या कुळाचा इतिहास पाठ आहे अशा वृद्धांसमोर हा प्रश्न चुकूनही विचारू नये. सोळाव्या शतकात गोव्यातील कितीतरी कुटुंबे कारवार, मंगळूर आणि पार कोचीपर्यंत गेली. श्रीमंगेश स्वतः 1560 साली कुशस्थळी सोडून प्रियोळला आले. मंगळूरचे लोक मूळचे गोव्याचे, तर गोव्यात अजून माणसे कशी, असे त्या वृद्धाने शांतपणे उलट विचारले, तर बशीतली भाजी आपल्याला घशाखाली उतरणार नाही.

'कोणी पाहिले?' हे अस्त्रही हाताशी ठेवावे. 2018 साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी ते जाहीरपणे चालवले होते: माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठेही नमूद नाही, सबब डार्विन चूक. अस्त्र उत्तम आहे, पण ते केवळ दुसऱ्याच्या पूर्वजांवर सोडावे. आपल्या खापरपणजोबांना आपणही पाहिलेले नसते, आणि तरीही त्यांच्या नावावरचा जमिनीचा दावा आपण मोठ्या हिरिरीने लढवत असतो.

इतके करूनही प्रतिपक्ष नमला नाही, तर बाजू बदलावी. उत्क्रांती खोटी आहे हे अर्धा तास सांगून झाल्यावर, ती आपल्याला हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होती, हे त्याच आवाजात सांगावे. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला आणि जमिनीवरचाही, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू आणि अर्धा मनुष्य, वामन ठेंगू. मंडपाला हे तत्काळ पटते, आणि पेडण्याचे श्रोते तर दशावतारी नाटके पाहतच मोठे झालेले असतात. येथे दोन खड्डे आहेत, ते ओलांडून जावे. ही जुळणी थिऑसफी या गूढविद्येच्या पंथाच्या हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी 1877 साली इंग्रजी ग्रंथात मांडली होती, म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघून 18 वर्षे झाल्यावर; आपल्या प्राचीन ज्ञानाला एका रशियन बाईंची साक्ष काढावी लागावी, हे बरे दिसत नाही. दुसरा खड्डा अधिक खोल आहे. परशुराम आधीचा आणि राम नंतरचा, तरी दोघे समोरासमोर उभे राहून बोलतात. आधीचे रूप नंतरच्या रूपाबरोबर सुखाने नांदू शकते हे एकदा मान्य झाले, की आपल्या माकडांच्या प्रश्नाचे काय होते, ते आपणच पाहावे.

निर्मात्याच्या बाजूने कुमक मिळेल या आशेने पलीकडच्या वाड्यावरच्या पाद्रींकडे जाण्याचा मोह होईल, तो आवरावा. उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 सालीच सांगून ठेवले आहे, आणि आनुवंशिकतेचे नियम ज्याने वाटाण्यांवर शोधले तो मेंडेल मठातला धर्मगुरू होता. खुद्द डार्विननेही आपल्या ग्रंथाच्या 1860 च्या दुसऱ्या आवृत्तीत, आरंभीच्या जीवांत प्राण फुंकण्याचे श्रेय शेवटच्या वाक्यात निर्मात्याला दिले. ही गोष्ट, जाता जाता सांगतो, आपल्या प्रतिपक्षालाही बहुधा ठाऊक नसते; त्यानेही पुस्तक उघडलेले नसते. देव आणि उत्क्रांती एका घरात राहू लागले, तर आपण दोघे तिंठ्यावर काय करणार?

मात्र सर्वांत मोठा धोका माणसांकडून नाही. तो जमिनीकडून आहे, म्हणून वादाच्या काळात खाली पाहू नये. डिचोली-सत्तरीकडच्या लोहखनिजाच्या खाणी विशेष टाळाव्यात. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या तेव्हा ट्रकच्या हप्त्यांची चिंता करणाऱ्या आपणांपैकी कोणीही, हे लोह इथे आले कोठून, असे विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण भूशास्त्रज्ञ सांगतात की अडीचशे कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी सोडलेल्या प्राणवायूशी संयोग पावून, थराथराने तळाशी बसत गेले. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी वर काढली, असे आपण मानतो. ती समुद्रातून वर आली, इथपर्यंत उभय पक्षांचे एकमत आहे. तंटा फक्त किती वेळ लागला याचा आहे.

खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीकडेही जाऊ नये. खाडीचे खारे पाणी मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेच्या दारातून, वा फुटलेल्या बांधातून शेतात शिरावे, नाजूक रोपे जळून जावीत, जी तग धरतील त्यांचेच बियाणे पुढच्या वर्षी पेरले जावे, आणि असे पिढ्यान्‌पिढ्या होत होत खाऱ्या जमिनीत उभे राहणारे कोरगुट भात तयार व्हावे, यात डार्विनला हवे असलेले जवळपास सगळेच येऊन जाते. बांधावरचा शेतकरी हे सारे जाणतो आणि देवाला नारळ ठेवूनच पेरणी करतो. त्याला व्याख्यानाला बोलावू नये.

विजयी होऊन पावसाळी रात्री घाटाकडच्या रस्त्याने परतताना कदाचित पायांशी वीतभर लांबीचे, वळ्यावळ्यांचे, काळपट काही वळवळेल. ते देवगांडूळ असते. गांडूळ नव्हे, सापही नव्हे, तर पाय गमावलेला आणि डोळे जवळजवळ कातडीआड गेलेला, बेडकाच्या नात्यातला उभयचर. 2007 साली शास्त्रीय नाव मिळालेल्या त्याच्या एका जातीला तर गोव्याचेच नाव आहे. त्याचे जवळचे भाऊबंद सेशेल्स बेटांवर राहतात, आणि ती बेटे आपल्या भूमीपासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तुटून दूर गेली. पोहून जाण्याइतके पाय तर त्याला नाहीतच. बॅटरीचा झोत त्याच्यावर पडलाच, तर चटकन वर झाडांकडे वळवावा आणि सोबत्यांना सांगावे की काही नाही, गांडूळ आहे, चला.